एचएलएच (प्रौढांतील)

हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. प्रतिकारयंत्रणा आवरेनाशी होऊन स्वतःच्याच शरीरावर उलटते, असा जीवघेणा विकार. १९३९ मध्ये स्कॉट आणि रॉब-स्मिथ यांनी प्रौढ रुग्णांत त्याचे वर्णन केले. चेतवलेल्या टी-पेशी व महाभक्षी पेशी शांत होत नाहीत. सायटोकाइनांचा पूर येतो आणि महाभक्षी पेशी चक्क रक्तपेशी गिळू लागतात. प्रौढांत मागे बहुधा लिम्फोमा, ईबीव्ही विषाणू किंवा ल्युपससारखा आजार असतो. भारतात डेंगी, स्क्रब टायफस, क्षय आणि काळा आजारही.

अतिदक्षता विभागात हा विकार हुबेहूब सेप्सिससारखा दिसतो, त्यामुळे निदान रेंगाळते. अँटिबायोटिके चालू असूनही ताप हटत नाही, प्लीहा वाढते, प्लेटलेट घसरतात, फेरिटिन हजारोंच्या घरात जाते. ताप चढता असताना ईएसआर मात्र उतरतो. रुग्ण सुधारतोय असे वाटते; प्रत्यक्षात फायब्रिनोजेन संपत आलेले असते. २००४ च्या निकषांनुसार ८ पैकी ५ लक्षणे लागतात, पण ते निकष मुलांसाठी बेतलेले. प्रौढांसाठी २०१४ चा एचस्कोर अधिक सोयीचा. अस्थिमज्जेत पेशीभक्षण दिसले नाही म्हणून निदान फेटाळू नये.

उपचाराचा कणा डेक्सामेथासोन. गंभीर रुग्णाला इटोपोसाइड, काहींना अनाकिन्रा. मूळ कारणावर घाव घालणे तितकेच निकडीचे : स्क्रब टायफसमध्ये अनेकदा डॉक्सिसायक्लिनवरच भागते. लिम्फोमाची शंका असल्यास बायॉप्सी शक्यतो स्टिरॉइडआधी घ्यावी. नंतर घेतल्यास निदान हुकू शकते.