हटनचा अंगठा

गुडघ्याची झीज झालेला माणूस फिजिओथेरपीला गेला, की थेरपिस्ट त्याचा पाय सैल सोडायला सांगतात आणि दोन्ही हातांनी नडगीचं हाड मांडीच्या हाडावर किंचित पुढे-मागे सरकवतात. कधी गुडघ्याची वाटी वर-खाली ढकलतात. हे सरकणं रुग्णाला स्वतःहून करता येत नाही, पण ते थांबलं की गुडघा धड वाकतही नाही आणि सरळही होत नाही. या उपचाराचं कूळ शोधत मागे गेलं, तर आपण हाडवैद्यांच्या दारात पोचतो.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये रिचर्ड हटन नावाचा हाडवैद्य होता. विद्या घराण्यातली, वैद्यकाची पदवी नाही. डॉक्टरांनी महिनोन्‌महिने बांधून ठेवलेले, आखडलेले गुडघे घेऊन लोक त्याच्याकडे येत. ‘हाड सरकलंय’ हे त्याचं ठरलेलं निदान. मग दुखऱ्या जागी अंगठा रोवून तो सांध्याला एक झटका देई आणि कित्येकजण चालत घरी जात.

हटन आजारी पडला, तेव्हा डॉ. पीटर हूड यांनी त्याच्यावर फी न घेता उपचार केले. या उपकाराची फेड म्हणून त्यानं आपली विद्या दाखवायची तयारी दर्शवली. हूडना सवड नव्हती. त्यांचा मुलगा व्हार्टन, तोही डॉक्टर, हटनकडे जाऊन बसू लागला. १८७१ मध्ये, हटनच्या मृत्यूनंतर, त्यानं हे सगळं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. हाड सरकलेलं नसतंच, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. दुखापतीनंतर सांधा फार काळ निश्चल ठेवला की आतले पडदे एकमेकांना चिकटतात. हटनच्या झटक्यानं ती चिकटण सुटते. म्हणजे निदान चूक होतं, पण हात बरोबर होता. व्हार्टन हूडचा मोठेपणा मला इथे दिसतो. चुकीच्या निदानाकडे बोट दाखवून तो उठून गेला नाही. तो हात बघत राहिला. आपल्याकडे कामट्या बांधणाऱ्या, लेप लावणाऱ्या हाडवैद्यांच्या शेजारीही असं कुणी वही घेऊन बसायला हवं होतं, असं मनापासून वाटतं.

हाडवैद्यांना डॉक्टरांचा विरोध होता, पण तो अगदीच निराधार नव्हता. क्षयानं सुजलेल्या गुडघ्याला असा झटका दिला, तर सांधा कायमचा नासे. जेम्स पॅजेट या नामवंत शल्यवैद्यानं १८६७ मध्येच हे धोके सांगितले होते. पण हाडवैद्यांकडून चांगलं ते शिका, असंही त्यानं बजावलं होतं.

ते शिकायला फार वेळ लागला. हर्बर्ट बार्कर हा पुढचा नावाजलेला हाडवैद्य. तो चुलतभाऊ अ‍ॅटकिन्सनकडे शिकला आणि अ‍ॅटकिन्सन हटन घराण्याकडे. गुडघे हाच बार्करचा हातखंडा. त्याच्या रुग्णांना भूल देतात एवढ्यावरून डॉ. फ्रेडरिक अ‍ॅक्सहॅम यांचं नाव १९११ मध्ये वैद्यक नोंदणीतून काढून टाकण्यात आलं. १९२२ मध्ये बार्करला ‘सर’ किताब मिळाला. १९२६ मध्ये अ‍ॅक्सहॅम वारले, तेव्हाही त्यांचं नाव नोंदणीत परत आलेलं नव्हतं. हा अन्याय वाचताना आजही राग येतो. १९३६ मध्ये त्याच बार्करनं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात अस्थिशल्यवैद्यांपुढे आपल्या हाताचं प्रात्यक्षिक दाखवलं.

झटक्याची जागा हळुवार हालचालीनं घेतली, त्यात ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या जेफ्री मेटलंड या फिजिओथेरपिस्टचा मोठा वाटा आहे. अर्धा दिवस रुग्ण, उरलेला अर्धा ग्रंथालय, असा त्यांचा क्रम होता. ऑस्टिओपॅथी, कायरोप्रॅक्टिक, हाडवैद्यकी, सगळ्यांची पुस्तकं त्यांनी वाचली आणि हाताच्या हालचालीला चार पायऱ्या दिल्या. पहिलीत सांधा मोकळा असलेल्या भागात अगदी बारीक झोके, दुसरीत तिथेच मोठे. तिसरीत मोठे झोके आखडलेल्या टोकापर्यंत जातात. चौथीत त्या टोकावरच बारीक झोके दिले जातात. दुखणं जास्त असेल तर पहिल्या दोन, आखडणं जास्त असेल तर पुढच्या दोन. पूर्वी घराण्याच्या बोटांत असलेलं ज्ञान आता वर्गात शिकवता येऊ लागलं.

मग ते मोजताही आलं. टेक्सासमधल्या ब्रुक आर्मी मेडिकल सेंटरमध्ये गेल डाइल आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेचे ८३ रुग्ण घेतले. काहींना हातांचे उपचार आणि व्यायाम दिला. बाकीच्यांना गुण येणार नाही इतक्या कमी मात्रेचा अल्ट्रासाउंड. २००० साली निष्कर्ष छापून आले. उपचार घेतलेल्यांचं सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सुमारे १३ टक्क्यांनी वाढलं होतं. वर्षभरात सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया त्यांच्यातल्या ५ टक्क्यांना करावी लागली. दुसऱ्या गटात २० टक्क्यांना.

यात एकट्या हाताचं श्रेय किती, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०२२ची मार्गदर्शिका गुडघ्याच्या झिजेत हातांचा उपचार व्यायामाच्या जोडीनंच विचारात घ्या, असं सांगते.