‘सायलेंट नाइट’चे कर्ते कोण?

२४ डिसेंबर १८१८. साल्झबुर्गजवळील ओबर्नडॉर्फ गावी धर्मगुरू योझेफ मोर यांनी आपली १८१६ची कविता शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांच्या हाती दिली. ग्रुबर यांनी त्याच दिवशी चाल बांधली. रात्री गिटारच्या साथीने दोघांनी ती चर्चमध्ये गायिली.

टिरोलच्या फिरत्या गायकांनी हे नाताळगीत दूरवर नेले. कर्त्यांची नावे मात्र मागेच राहिली. चाल हायडनची असल्याचा समज रूढ झाला.

१८५४ मध्ये बर्लिनहून विचारणा झाली, तेव्हा ग्रुबर यांनी लेखी निवेदन दिले व कवी म्हणून मोर यांचे नाव नोंदवले. मोर १८४८ मध्येच निर्धनावस्थेत निवर्तले होते.

१९९५ मध्ये मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रत उजेडात आली. तिच्यावर चालीचे श्रेय ग्रुबर यांना होते. जगाने विसरलेली नावे दोघांनी परस्परांसाठी जपली होती.