उसनवारीने आलेले एंजिन

आपल्या मुलुखातील पुष्कळ देवळांच्या सभामंडपांत शहाबादची फरशी आहे. तीवरून अनवाणी चालताना ही फरशी खाणीपासून कोणी वाहून आणली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. गाणगापूर रोड स्थानकावर पॅसेंजरची वाट पाहणारा यात्रेकरू समोरून मालगाडी गेली की तोंड फिरवितो. निंबर्ग्याचा आमचा माणूसही त्याला अपवाद नाही. ज्या एंजिनांनी हा भार वाहिला त्यांतील एका घराण्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

दुसऱ्या महायुद्धात विलायतेतील कारखाने युद्धसामग्रीत गुंतले. हिंदुस्थानातील रेल्वेवर तर सैन्य व दारूगोळा ह्यांचा बोजा वाढतच होता. तेव्हा फिलाडेल्फियाचा बाल्डविन कारखाना आदिकरून अमेरिकन कारखान्यांकडे धाव घ्यावी लागली. ब्रॉडगेजसाठी तिकडून आलेल्या जातींना ‘एडब्ल्यूडी’, ‘एडब्ल्यूई’ अशी नावे पडली. त्यांतील ‘ए’ अमेरिकेचा आणि ‘डब्ल्यू’ युद्धाचा. पुढे दोन लहान चाके, मध्ये जोर लावणारी आठ मोठी, मागे पुन्हा दोन, अशी त्यांची ठेवण. मागील दोन चाकांमुळे भट्टी रुंद करता येई, आणि रुंद भट्टीत आपला राखट कोळसाही निभावून जाई. सांगाडा विलायती पद्धतीच्या पत्र्यांचा नसून जाड पोलादी गजांचा होता. देखणेपणाची हौस करण्यास त्या काळी कोणास सवड नव्हती.

वकिलाच्या नजरेला ह्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. अमेरिकेने मार्च 1941 मध्ये ‘लेंड-लीज’ कायदा केला. विक्री नव्हे, दानही नव्हे, उसनवारीच म्हणा. त्या कायद्याखाली हिंदुस्थानास मिळालेल्या सामग्रीत एंजिनेही होती. मे 1946 मध्ये दोन्ही सरकारांनी परस्परांचे देणे-घेणे मिटविले. त्याच युद्धकाळात उसने घेतलेले सुमारे 22 कोटी 60 लक्ष औंस रुपे परत करण्याचे बंधन मात्र कायम राहिले. रुपे परत मागावे आणि पोलाद सोडून द्यावे, हा हिशेब सावकारी खराच. पण त्यात आपला तोटा झाला असे मला वाटत नाही. एंजिने येथेच राहिली व राबली. 1947 साली बाल्डविननेच ‘डब्ल्यूपी’ जातीची पहिली 16 प्रवासी एंजिने बांधून दिली, आणि तोच बॉयलर घेऊन मालवाहतुकीची ‘डब्ल्यूजी’ जात निघाली. तिची सुमारे 2,450 एंजिने झाली. तिचे अखेरचे एंजिन 1970 साली चित्तरंजनला तयार झाले. त्याचे नाव ‘अंतिम सितारा’.

पुढे डिझेल आले, वीज आली, आणि युद्धकालीन एंजिने भंगारात निघाली. ब्रॉडगेजवरील वाफेची नित्य वाहतूक 1995 च्या डिसेंबरात संपली. ‘एडब्ल्यूई’ जातीचे 22907 क्रमांकाचे, बाल्डविनने 1943 साली बांधलेले एंजिन हरियाणातील रेवाडीच्या 1893 सालच्या शेडमध्ये जतन झाले आहे. अमेरिकेत ‘बिग बॉय’ ह्या अजस्र मालवाहू जातीची 25 एंजिने 1941 ते 1944 ह्या काळात झाली, त्यांतील 8 राखली गेली. त्यांपैकी 4014 क्रमांकाचे एंजिन पन्नास वर्षांहून अधिक काळ प्रदर्शनात उभे होते. ते 2019 साली पुन्हा धावू लागले. थोरांचे स्मारक होते, हमालाचे क्वचितच.

परंतु नुसते उभे ठेवणे म्हणजे जतन नव्हे. ज्या देवस्थानचा रथ चार वर्षे बाहेर पडला नाही, तेथे आस कशी वंगणावी, उतारावर चाकाखाली लाकूड कोणत्या क्षणी सारावे, हे जाणणारी माणसे राहात नाहीत. रथ मात्र नवा रंग लावून जागेवर असतो. वाफेच्या एंजिनाचेही तसेच आहे. त्याच्या बॉयलरच्या नळ्या काढणारा, गळती नुसत्या आवाजावरून ओळखणारा फिटर पुस्तकातून निपजत नाही. तो जुन्या फिटरच्या हाताखालीच तयार होतो, आणि एंजिन तापले तरच त्याला शिकावयास मिळते. रेवाडीचे मोल मला ह्यात वाटते. तेथे वाफेची एंजिने आजही पेटविली जातात. थंड एंजिनात पुरती वाफ धरावयास कित्येक तास लागतात. म्हणून सकाळी गाडी काढावयाची असेल तर फायरमनला आदल्या रात्रीच भट्टीपाशी बसावे लागते.