सेकंड कमिंग : श्रोत्यांतील मतभेद

सेकंड कमिंग : इंग्लंडमधील मँचेस्टर येथील ‘द स्टोन रोझेस’ या रॉक बँडचा दुसरा आणि अखेरचा स्टुडिओ अल्बम. गेफन या अमेरिकी कंपनीने तो ५ डिसेंबर १९९४ रोजी प्रसिद्ध केला. गायक इयन ब्राउन, गिटारवादक जॉन स्क्वायर, बेस गिटार वाजवणारा मानी आणि ड्रमवादक रेनी हे चौघे या दोन्ही अल्बममागचे कलावंत होत. ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत ‘सेकंड कमिंग’ने चौथे स्थान गाठले, १९८९ मध्ये पहिला अल्बम बाजारात आला तेव्हा तो एकोणिसाव्या स्थानापलीकडे गेला नव्हता. असे असूनही पहिल्या अल्बमला सर्वमान्य मानाचे पान मिळाले आणि दुसऱ्यावरचा वाद तीन दशके उलटून गेली तरी मिटलेला नाही. काहींच्या मते हा एका थोर बँडचा ऱ्हास आहे, तर काहींच्या मते पूर्वग्रहापायी नीट न ऐकली गेलेली ही त्याची सर्वांत धाडसी निर्मिती आहे.

हा वाद समजून घ्यायचा तर पहिल्या अल्बमने श्रोत्यांना काय दिले होते, हे आधी पाहावे लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टरमध्ये गिटारवर आधारलेले रॉक संगीत आणि क्लबमध्ये रात्रभर चालणारे नृत्यसंगीत एकत्र येऊन जो प्रवाह निर्माण झाला, त्याला ‘मॅडचेस्टर’ हे नाव पडले. स्टोन रोझेस हा त्या प्रवाहाचा सर्वांत लाडका बँड होता. जॉन लेकी या निर्मात्याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालेल्या पहिल्या अल्बममध्ये स्क्वायरची गिटार किणकिणत राहते, ब्राउन जवळजवळ कुजबुजल्यासारखा गातो, आणि त्याखाली रेनी व मानी यांचा ठेका पाय जागच्या जागी ठरू देत नाही. गाणी स्क्वायर आणि ब्राउन यांनी मिळून रचली होती. मे १९९० मध्ये विडनेसजवळच्या स्पाइक आयलंड येथे या बँडला ऐकण्यासाठी सुमारे २७,००० लोक जमले. वाऱ्यामुळे आवाज नीट पोहोचला नाही, तरी त्या पिढीने तो दिवस आयुष्यभराची ठेव म्हणून जपला.

त्यानंतर बँड जवळपास गप्प झाला. सिल्व्हरटोन या आपल्या पहिल्या कंपनीशी झालेला करार अन्यायकारक आहे, अशी बँडची तक्रार होती. प्रकरण न्यायालयात गेले, इतर कोणासाठी ध्वनिमुद्रण करण्यास बंदी आली आणि मे १९९१ मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला. गेफनशी मोठा करार झाल्यावरही काम रेंगाळतच राहिले. वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत महिनेच्या महिने गेले, लेकीने मध्येच काम सोडले, आणि पॉल श्रोडर व सायमन डॉसन यांच्या हातून अल्बम तडीस गेला. पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये अशी साडेपाच वर्षे गेली. या काळात लंडनच्या ब्लर या बँडचा ‘पार्कलाइफ’ आणि मँचेस्टरच्याच ओएसिसचा ‘डेफिनेटली मेबी’ हे अल्बम १९९४ साली येऊन गेले होते, ‘ब्रिटपॉप’ म्हणजे सोप्या चालींचे, इंग्रजी जीवनाच्या खुणा मिरवणारे गिटारसंगीत घरोघरी पोहोचले होते, आणि हा रस्ता स्टोन रोझेसनेच मोकळा करून दिला असे मानणारे चाहते आता मूळ पुरुषांची वाट पाहत होते.

अल्बमच्या नावाने ही अपेक्षा आणखी ताणली. ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या अंती येशूचे जे पुनरागमन होणार आहे, त्याला इंग्रजीत हेच नाव आहे. पहिला अल्बम पुनरुत्थानाचा उच्चार करणाऱ्या गाण्याने संपला होता, तेव्हा हे नाव त्याच धाग्यात ओवलेले होते. शिवाय पहिली मुलाखत बँडने नावाजलेल्या संगीत साप्ताहिकांना न देता बेघर माणसे रस्त्यावर विकतात त्या ‘द बिग इश्यू’ या नियतकालिकाला दिली. ही कृती उदार होती, पण वर्षानुवर्षे बँडची पाठराखण केलेल्या संगीत पत्रकारांना ती झोंबली. सुरुवातीच्या प्रतिकूल समीक्षेत या रागाचा वाटा किती आणि कानांचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

नापसंतीचे पहिले आणि सर्वाधिक ऐकू येणारे कारण म्हणजे अल्बमचा नाद. येथे स्क्वायरची गिटार किणकिणत नाही, ती गरजते. ‘रिफ’ म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येऊन गाण्याचा कणा बनणारी छोटी, ठसठशीत सुरावट. ‘ड्रायव्हिंग साउथ’पासून ‘लव्ह स्प्रेड्स’पर्यंत अनेक गाणी अशा जड रिफवर उभी आहेत, आणि त्यांचे मूळ अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात, तसेच त्या संगीताला १९७० च्या दशकात प्रचंड आकार देणाऱ्या लेड झेपलिन या इंग्रजी बँडमध्ये आहे. ज्यांच्या दृष्टीने पहिला अल्बम हा अशा अवजड रॉकपासून सुटका होता, त्यांना हे मागे जाणे वाटले. हा आक्षेप खोटा नाही. ‘गुड टाइम्स’मध्ये रिफच्या वजनाखाली चाल दबून जाते, आणि ‘टिअर्स’ची मंद सुरुवातीपासून गर्जनेपर्यंतची चढण पूर्वी कुठे ऐकलेली आहे हे चटकन ओळखू येते.

दुसरा आक्षेप लेखनाच्या श्रेयाविषयी आहे. बहुतेक गाणी एकट्या स्क्वायरच्या नावावर आहेत. ‘स्ट्रेट टू द मॅन’ ब्राउनचे, ‘बेगिंग यू’ दोघांचे, तर ‘डेब्रेक’ चौघांचे. पहिल्या अल्बममध्ये गिटार आणि गळा एकमेकांना जागा देत होते. येथे एक गिटारवादक आपल्या कौशल्याच्या भरात पुढे निघून गेला आणि गायक पाहुण्यासारखा उरला, असे अनेक श्रोत्यांना वाटते. ब्राउनचा गळा मर्यादित पल्ल्याचा आहे. ब्लूजच्या थाटातल्या गाण्याला लागणारी आरोळी त्याच्याकडे नाही, आणि ज्या गाण्यांत ती मागितली गेली आहे तिथे तो खरोखरच तोकडा पडतो.

पहिलेच गाणे, ‘ब्रेकिंग इनटू हेवन’, या मतभेदाचा नमुना म्हणून तपासण्याजोगे आहे. ते अकरा मिनिटांहून अधिक लांब आहे, आणि त्यातली पहिली चारएक मिनिटे वाहत्या पाण्याचे, जंगलाचे, दूरवर कण्हणाऱ्या गिटारचे आणि हळूहळू जवळ येणाऱ्या तालवाद्यांचे आवाज ऐकू येतात; गाणे असे त्यात काही नाही. साडेपाच वर्षे थांबलेल्या माणसाने तबकडी लावली आणि त्याला आणखी चार मिनिटे थांबवले गेले. विरोधकांनी यालाच बँडच्या बेपर्वाईचा पुरावा मानले. पण रिफ अखेर येऊन पडते तेव्हा रेनीचे ड्रम आणि मानीचा बेस तिला ज्या प्रकारे झुलवतात, ते ऐकले म्हणजे ही प्रतीक्षा रचनेचाच भाग होती हे ध्यानात येते. रागसंगीतातील आलापाची सवय असलेल्या कानाला तर या सुरुवातीत उद्धट असे काहीच सापडणार नाही.

अल्बमच्या समर्थकांचा खरा आधार हाच, म्हणजे ठेका आहे. लेड झेपलिनची नक्कल हा शिक्का मारणारे गिटारपुरते ऐकतात. तिच्या खालचे वादन मात्र फंक संगीतातून, म्हणजे बेस आणि ड्रम यांच्या तुटक, लवचिक संवादावर चालणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकी नृत्यसंगीतातून आलेले आहे. ‘डेब्रेक’ हे चौघे एकाच खोलीत एकमेकांना ऐकत वाजवत असल्यासारखे गाणे आहे, आणि त्यात कोणीही कोणाच्या पुढे धावत नाही. ‘बेगिंग यू’मध्ये ध्वनिमुद्रित तुकडा चक्राकार फिरवत ठेवून, ज्याला ‘लूप’ म्हणतात, त्यावर गिटारचे थर चढवलेले आहेत; पहिल्या अल्बमनंतरच्या ‘फूल्स गोल्ड’ या दीर्घ गाण्याने जी वाट दाखवली होती, ती येथे पुढे नेलेली आहे. ‘टेन स्टोरी लव्ह साँग’ची चाल तर पहिल्या अल्बममध्येही शोभली असती, म्हणून दोन्ही पक्षांचे त्यावर एकमत दिसते. सीडीवर मात्र बारा गाण्यांनंतर कित्येक क्षणमात्र निःशब्द ट्रॅक ठेवून नव्वदाव्या क्रमांकावर ‘द फॉझ’ नावाचा बेसूर वाद्यगोंधळ दडवलेला आहे. त्याचे समर्थन कट्टर चाहत्यांनीही करू नये.

मतांची ही विभागणी पुष्कळशी वयानुसारही झालेली आहे. १९८९ चा उन्हाळा ज्यांनी अनुभवला, त्यांच्यासाठी दुसरा अल्बम म्हणजे एका दिलेल्या शब्दाचा भंग होता. दोन्ही अल्बम एकाच आठवड्यात, कोणतीही वाट न पाहता ज्यांच्या हाती आले, त्या नंतरच्या श्रोत्यांना तो दमदार, थोडा लांबलेला रॉक अल्बम वाटतो, आणि त्यांच्यापैकी गिटार शिकणाऱ्यांना तर तो पहिल्यापेक्षाही जवळचा असतो. २००६ साली ‘एनएमई’ या साप्ताहिकाने सर्वश्रेष्ठ ब्रिटिश अल्बमांच्या यादीत पहिले स्थान स्टोन रोझेसच्या पहिल्या अल्बमला दिले. या मानाने दुसऱ्याची सावली अधिकच गडद झाली, कारण तेव्हापासून तो स्वतंत्रपणे क्वचितच तोलला जातो. वास्तविक ‘सेकंड कमिंग’मध्ये किमान पाच गाणी अशी आहेत, की ती दुसऱ्या कोणा बँडने पहिल्या अल्बममध्ये दिली असती तर त्याला डोक्यावर घेतले गेले असते.

प्रसिद्धीनंतरच्या घटनांनी विरोधकांचे पारडे जड केले. १९९५ च्या वसंतात रेनी बाहेर पडला, म्हणजे अल्बमचे जे बलस्थान तेच निखळले. त्याच वर्षी ग्लॅस्टनबरी महोत्सवापूर्वी सायकलवरून पडून स्क्वायरचे गळपट्टीचे हाड मोडले आणि बँडच्या जागी पल्प हा बँड उभा राहिला. एप्रिल १९९६ मध्ये स्क्वायरनेही बँड सोडला, ऑगस्टमधील रेडिंग महोत्सवात अझीझ इब्राहीम या गिटारवादकासह झालेला कार्यक्रम ब्राउनच्या ढळलेल्या सुरांमुळे फसला, आणि ऑक्टोबरमध्ये बँड विसर्जित झाला. अल्बमकडे मागे वळून पाहणाऱ्यांना त्यात पडझडीच्या खुणा दिसू लागल्या त्या यामुळे, जरी ध्वनिमुद्रणात चौघांचे वादन शेवटपर्यंत एकजीव आहे.

२०११ मध्ये चौघांनी पुन्हा एकत्र येण्याची घोषणा केली आणि २०१२ च्या जूनअखेरीस व जुलैच्या प्रारंभी मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये तीन दिवस कार्यक्रम केले. गर्दी पहिल्या अल्बमसाठी आली होती आणि वादनाची यादीही बव्हंशी त्याचीच होती. दुसऱ्या अल्बमपैकी ‘टेन स्टोरी लव्ह साँग’ आणि ‘लव्ह स्प्रेड्स’ यांना मात्र तिथे जागा मिळाली, आणि पुढच्या दौऱ्यांत ‘बेगिंग यू’ही परतले. २०१६ मध्ये बँडने दोन नवी गाणी प्रसिद्ध केली. तिसरा अल्बम आला नाही.