लस-साशंकता (दीर्घकालीन आजारांतील)

लस-साशंकता (दीर्घकालीन आजारांतील) : लस मिळत असूनही ती घेणे लांबणीवर टाकणे किंवा नाकारणे म्हणजे लस-साशंकता, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाची व्याख्या आहे (२०१४). निर्धास्तपणा, लस मिळवण्यातील अडचणी आणि विश्वासाचा अभाव ही तीन कारणे या गटाने मांडली. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडविकार, संधिवात यांसारखी दुखणी जडलेल्यांत आणखी एक कारण ठळक दिसते, ते म्हणजे आजाराने शिकवलेली सावधगिरी. डोकेदुखीची गोळीही विचारून घ्यायची सवय लागलेला माणूस लशीपाशी थबकणारच. त्यामुळे अशा रुग्णांतील साशंकता पुष्कळदा नकार नसते. उत्तर न मिळालेला प्रश्न असते.

स्वरूप : “शुगर वाढलीय, आधी ती खाली येऊ दे”, “रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, सुई चालेल का?”, “आधीच एवढी दुखणी मागे लागलीत, त्यात हे आणखी कशाला?” अशी वाक्ये दवाखान्यात नेहमी ऐकू येतात. पहिले पुढे ढकलते, दुसरे विचारते, तिसरे नाकारते. तिन्हींना एकच उत्तर पुरत नाही. विसंगती अशी, की संसर्गाची झळ याच लोकांना अधिक बसते आणि लशीचा उपयोगही त्यांना होतो. आठ देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच काही रुग्णांना फ्लूची लस, तर काहींना औषधविरहित सुई देण्यात आली. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काही घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५.३ टक्के, तर दुसऱ्यात ७.२ टक्के आढळले.

भारतातील अनुभव : कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. त्याच आठवड्यात कोव्हॅक्सिन या लशीच्या माहितीपत्रकात रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी लस घेऊ नये, असा सल्ला छापला गेला. पुढे १ मार्चपासून साठीपुढच्यांबरोबर ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली. त्यासाठीच्या वीस व्याधींच्या यादीत डायलिसिसवरचे रुग्ण, अवयव-प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे असे सगळे होते. जानेवारीत ज्यांना थांबा म्हटले, त्यांतल्याच काहींना मार्चमध्ये रांगेत पुढे बोलावले गेले. त्यातही नुसता मधुमेह पुरेसा नव्हता. तो दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा आणि जोडीला उपचार चालू असलेला रक्तदाब हवा होता, आणि नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्रही. १ एप्रिलला ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्यावर ही अट गळून पडली. सूचनांच्या या उलटसुलटीत ज्याने थांबायचे ठरवले, त्याला अडाणी म्हणणे सोपे होते, पण न्याय्य नव्हते.

कोव्हिशील्ड या पुण्यात तयार झालेल्या ॲस्ट्राझेनेकाच्या लशीबाबत भीती रक्ताच्या गुठळ्यांची होती. या लशीनंतर क्वचित होणारा गुठळ्यांचा विकार युरोपात मार्च २०२१ मध्ये चर्चेत आला आणि २०२४ मध्ये कंपनीच्या ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांमुळे भारतात तो विषय पुन्हा उफाळला. या विकारात प्लेटलेटशी संबंधित एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, प्लेटलेट घटतात आणि गुठळ्या होतात. तो बहुधा डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. धमनीत चरबी साचून येणाऱ्या हृदयविकाराची घडण वेगळी. हा फरक न उलगडल्याने स्टेंट बसवलेली माणसे डोस घेऊन तीन वर्षे झाल्यावरही धास्तावली.

फ्रान्समधील उदाहरण : हेपटायटिस-बीच्या लशीमुळे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होतो, या शंकेवरून फ्रान्सने ऑक्टोबर १९९८ मध्ये शाळांतील हे लसीकरण थांबवले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांपैकी अमेरिकी परिचारिकांवरील अभ्यासात लस आणि हा आजार यांचा संबंध आढळला नाही. तर युरोपातील रुग्णांवरील अभ्यासात लसीकरणामुळे आजार उलटण्याचा धोका वाढलेला दिसला नाही. तरीही या लशीविषयीचा संशय फ्रान्समध्ये पुढे बरीच वर्षे रेंगाळला.

वैद्यकीय वस्तुस्थिती : सर्वच शंका निराधार नसतात. गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी अशा जिवंत लशी प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्यांना सहसा देत नाहीत. मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या अंशांच्या लशींना हा अडसर नाही, मात्र त्यांचा परिणाम उणा पडू शकतो. म्हणून डायलिसिसवरील प्रौढांना हेपटायटिस-बीच्या लशीची मात्रा दुप्पट, म्हणजे २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅम दिली जाते आणि नंतर रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवल्यास कोविडच्या वर्धक मात्रेनंतर प्रतिपिंडे सुमारे दुप्पट होतात, असे ब्रिटनमधील चाचणीत दिसले (२०२२). पण ते थांबवायचे की नाही हे सांधे पाहून डॉक्टरच ठरवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बारीक सुई वापरतात आणि टोचल्या जागी न चोळता निदान दोन मिनिटे घट्ट दाबून धरतात. लशीनंतरच्या तापाने साखर एक-दोन दिवस चढू शकते.

व्यवस्था आणि उपाय : भारताचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बालके आणि गरोदर स्त्रियांसाठी आहे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी प्रौढांना बहुधा पदरमोड करून घ्याव्या लागतात. महाराष्ट्राने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांना स्वाइन फ्लूची लस मोफत देण्याची सोय केली. पण मोफत लस समोर असली, तरी ‘मला चालेल का?’ हा प्रश्न उरतोच. हृदयरोगतज्ज्ञ तो फॅमिली डॉक्टरकडे सोपवतात, फॅमिली डॉक्टर पुन्हा तज्ज्ञांकडे, आणि लसीकरण केंद्रावरच्या परिचारिकेपुढे रुग्णाची फाइलच नसते. नियमित औषधे लिहून देणाऱ्यानेच कोणती लस, केव्हा आणि कोणती गोळी चालू ठेवून हे त्याच चिठ्ठीवर लिहून दिले, तर या साशंकतेचा बराच भाग तिथेच मिटतो.