जिभेचा नकाशा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कोकणात तुळशीवृंदावनापाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याचा रस जिभेला लावायचा, अशी चाल आहे. फराळाचे ताट त्यानंतर. लहानपणापासून मी तो कडवट प्रसाद तोंड वाकडे करून घेत आलो. पुढे शाळामास्तर झालो, तीस-बत्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. परंतु जिभेच्या नेमक्या कोणत्या भागाला आपण तो रस लावतो, हे मला कधी सुचले नाही. ते सुचले नववीतल्या एका मुलीला.

आमच्या वर्गात जिभेचा एक रंगीत तक्ता होता. शेंड्याला गोड, त्याच्या मागे दोन्ही कडांना खारट, आणखी मागे आंबट आणि अगदी घशाशी कडू, अशी जिभेची चार संस्थानांत वाटणी केलेली. काढायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा, तपासायला त्याहून सोपा! वार्षिक परीक्षेच्या आधी उजळणी सुरू झाली, की हा तक्ता मी खुंटीवर चढवीत असे. उजळणी हा शब्दही मोठा मजेचा आहे. भांडे उजळताना ते मुळात कशाचे आहे, हे कोणी पाहत नाही. चकाकले म्हणजे झाले.

१९८३ सालची दिवाळीची सुट्टी संपली आणि ती मुलगी म्हणाली, “सर, कारिटाचा रस मी फक्त शेंड्यालाच लावला. तरी कडू लागला.”

वर्ग हसला. मी म्हटले, “गिळताना मागे गेला असेल.”

“नाही सर, मी जीभ बाहेरच काढून ठेवली होती.”

यावर मी काय बोललो असेन, हे सांगायला नकोच. “परीक्षेत तक्त्याप्रमाणे लिही.” तिने तसे लिहिले नाही. शेंड्यापाशी तिने ‘गोड, कडूही’ असे लिहिले आणि मी अर्धा गुण कापला.

आता त्या तक्त्याची कुळकथा ऐका. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांची मानसशास्त्राची नामांकित प्रयोगशाळा होती. तेथल्या हेनिग नावाच्या अभ्यासकाने १९०१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. जिभेच्या कडेकडेने निरनिराळ्या जागी गोड, खारट, आंबट, कडू असे द्राव थेंबाथेंबाने ठेवून, किती सौम्य द्राव माणसाला ओळखता येतो, हे त्याने पाहिले. गोड शेंड्याशी किंचित लवकर कळते, कडू मुळाशी किंचित लवकर. सगळा भर त्या ‘किंचित’वर होता. चारही चवी कडेला सगळीकडे लागत होत्याच.

पुढे १९४२ साली हार्वर्डचे एडविन बोरिंग यांनी मानसशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात हेनिगचे आकडे नव्या आलेखात मांडले. त्या आलेखात फरक किती लहान आहे, हे कळायला काही मापच नव्हते. जेथे वक्ररेषा खाली उतरली, तेथे ती चव लागतच नाही, असे वाचणाऱ्यांनी धरले आणि थोड्याफार फरकाच्या जागी पक्क्या सरहद्दी आल्या. कोणी लबाडी केली नाही की कोणी खोटे बोलले नाही. तो ‘किंचित’ शब्द तेवढा वाटेत सांडला. तेथून हा नकाशा देशोदेशीच्या पाठ्यपुस्तकांत गेला आणि आमच्या खुंटीवर येऊन बसला.

अमेरिकेत व्हर्जिनिया कॉलिंग्ज या बाईंनी हेनिगचे काम पुन्हा तपासले. जागोजागी फरक आहेत, पण ते अगदी थोडे आहेत, असे त्यांना आढळले. हे १९७४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मी तो अर्धा गुण कापला, तेव्हा या गोष्टीला दहा वर्षे होत आली होती! एका रुचिकलिकेत पन्नास ते शंभर पेशी असतात, अशा कलिका टाळूवरही असतात, आणि जेथे त्या आहेत तेथे सगळ्या चवी कळतात. चवी तरी चारच कुठे? टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ सालीच समुद्रशेवाळाच्या कढणातून ‘उमामी’ ही पाचवी चव दाखवून दिली होती. आपल्या वैद्यांनी तर सहा रस सांगितले. त्यांतला ‘कटु’ म्हणजे आपले तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे आपले कडू, हा घोटाळा मराठीत कसा झाला कोण जाणे! त्यातून तिखट ही आजच्या शास्त्राच्या हिशेबी चवच नव्हे. मिरचीने होते ती आग. पण हे आमच्या घरी चकलीचा घाणा चालू असताना सांगायची सोय नाही.

हे सारे मला कळले ते निवृत्तीनंतर, एका वाचनालयात सहज चाळलेल्या मासिकातून. घरी येऊन मी आधी साखर घेतली, मग मीठ, मग लिंबू. जीभ बाहेर काढून आरशापुढे उभा राहिलो. सौभाग्यवतींनी विचारले, “बरे नाही का वाटत?” शेंड्यावर मीठ खारट लागले, लिंबू आंबट लागले. साधी साखर, साधे मीठ! तीस वर्षांत कोणत्याही दिवशी पाच मिनिटांत करता आला असता असा प्रयोग. तो मी एकदाही केला नव्हता, आणि जिने केला तिचा गुण कापला होता.

गेल्या दिवाळीत ती भेटायला आली. आता ती स्वतःच शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मी तिला सगळी हकिकत सांगितली आणि अर्ध्या गुणाचा विषय काढला. तिला त्यातले काही आठवत नव्हते, कारीटसुद्धा नाही. तिच्या लक्षात राहिला होता तो मी जास्वंदीचे फूल उभे चिरून दाखवलेला तास. मग तिने माळ्यावरून तो तक्ता काढायला लावला, धूळ झटकून त्याची सुरळी केली आणि वर्गात दाखवायला म्हणून घेऊन गेली.