टोपी, झगा आणि डिप्लोमा : हायस्कूल ग्रॅज्युएशनची कुळकथा

मे महिना लागला की अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या दिसू लागतात. शाळेचं नाव, शाळेचे रंग आणि त्या घरातल्या बारावीच्या मुलाचा किंवा मुलीचा हसरा फोटो. टपालपेटीत आमंत्रणं येऊन पडतात. शनिवार-रविवार कमी पडावेत इतक्या पार्ट्या ठरतात. भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांची तिकिटंसुद्धा हीच तारीख बघून काढली जातात. आणि मग इस्त्री करून टांगलेला तो झगा बघून आजोबांचा प्रश्न ठरलेला असतो, "अरे, बारावीच झाली ना? मग हा पदवीदानाचा थाट कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे दहावी-बारावी म्हणजे परीक्षा, निकाल आणि पेढे. शाळेतून निघताना निरोप समारंभ होतो, डोळे पाणावतात, सरांच्या पाया पडणं होतं. पण झगा आणि चौकोनी टोपी घालायची ती विद्यापीठाची पदवी घेताना. मग एका शाळेच्या शेवटाचा अमेरिकेनं एवढा सोहळा का केला? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

सर्वांची शाळा

बॉस्टन लॅटिन स्कूल १६३५ साली सुरू झालं, पण ते मुख्यतः कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी होतं. लॅटिन आणि ग्रीक हा तिथला पाया. कॉलेजात न जाता व्यापारात किंवा कारागिरीत शिरणाऱ्या मुलांसाठी शहराच्या खर्चानं वरच्या वर्गाची शाळा असावी, या विचारातून १८२१ साली बॉस्टनमध्येच नवी शाळा निघाली. तीच पुढे इंग्लिश हायस्कूल म्हणून ओळखली गेली आणि अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक हायस्कूल ठरली. १८२७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यानं कायदाच केला, की पाचशे किंवा अधिक कुटुंबांच्या गावानं हायस्कूल चालवलं पाहिजे.

पण सगळ्यांना हे पटलं नव्हतं. "माझा मुलगा शेतावर राबणार, मग दुसऱ्याच्या मुलाच्या हायस्कूलसाठी मी कर का भरू?" असा सवाल लोक करत होते. मिशिगनमधल्या कॅलामाझू गावातला असाच वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७४ साली न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी निकाल दिला, की करदात्यांच्या पैशातून हायस्कूल चालवण्याचा अधिकार शाळा मंडळाला आहे. त्यानंतर हायस्कुलांना मोकळी वाट मिळाली. १९१० साली अठरा वर्षांच्या मुलांपैकी शंभरात जेमतेम नऊजण हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत ते प्रमाण पन्नासच्या घरात गेलं. विशेष म्हणजे या चळवळीत आयोवा, नेब्रास्कासारखी शेतकऱ्यांची राज्यं आघाडीवर होती. छोट्या गावाची शान म्हणजे त्याचं हायस्कूल.

इथे आपल्या मॅट्रिकची आठवण येणं साहजिक आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली १८५९ साली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. पण मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. ती एक अरुंद वेस होती. आत गेलेल्यांचा सत्कार व्हायचा आणि बाहेर राहिलेल्यांच्या कपाळी "नॉन-मॅट्रिक" हा शिक्का बसायचा, तोही जन्मभराचा. अमेरिकन हायस्कूल मात्र बहुसंख्य मुलांसाठी शिक्षणाचा शेवटचा मुक्काम होता. इथून मुलं शेतावर, दुकानात, गिरणीत जायची. पुढे कुठलीही पदवी मिळणार नव्हती, म्हणून याच टप्प्याला पदवीचा मान मिळाला. आजोबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

झगा आला कुठून?

एकोणिसाव्या शतकातलं हायस्कूल ग्रॅज्युएशन आजच्यापेक्षा फार वेगळं होतं. वर्गात दहा-पंधरा मुलं, त्यामुळे प्रत्येकाला गावासमोर भाषण करावं लागे. मुलगे वक्तृत्व गाजवायचे. मुलींनी मात्र निबंध नुसता वाचून दाखवावा असा संकेत होता. गंमत म्हणजे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांत मुलींचीच संख्या जास्त होती. पुढे वर्ग मोठे झाले आणि भाषणं दोघांवर आली. पहिला येणारा "व्हॅलेडिक्टोरियन" निरोपाचं भाषण करतो, कारण लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच निरोप घेणं असा आहे. दुसरा "सॅल्युटेटोरियन" स्वागत करतो.

झग्याचा उगम मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत आहे. तिथे शिकणारे-शिकवणारे बहुतेक धर्मसंस्थेशी जोडलेले, आणि दगडी इमारतींत थंडी मरणाची. त्यामुळे पायघोळ झगा हा रोजचाच पोशाख होता. अमेरिकेत त्याला शिस्त लावली ती ऑल्बनीच्या गार्डनर कॉट्रेल लेनर्ड या तरुणानं. विल्यम्स कॉलेजच्या आपल्या १८८७ च्या वर्गासाठी त्यानं झगे तयार केले. पुढे १८९५ साली अमेरिकन विद्यापीठांनी झग्यांची एक सामाईक नियमावली ठरवली, तिच्यामागेही त्याचे प्रयत्न होते. टोपीचं "मॉर्टरबोर्ड" हे नाव थट्टेतून पडलं असावं. गवंडी ज्या चौकोनी फळीवर चुना कालवून घेतो, तशी ती दिसते.

हायस्कुलात झगा शिरला त्याला आणखी एक कारण होतं. ग्रॅज्युएशनला मुलींनी पांढरा पोशाख घालायची प्रथा होती आणि त्या पोशाखांची चढाओढ लागायची. गरीब आईबापांना तो खर्च झेपायचा नाही, आणि तेवढ्यासाठी मुलगी समारंभालाच न जाण्याची वेळ यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळांनी यावर उपाय काढले. काही ठिकाणी मुलींनी साधे पोशाख स्वतःच शिवायचे ठरलं, तर काही ठिकाणी सर्वांना एकसारखा झगा देण्यात आला. सावकाराची मुलगी आणि धोबिणीची मुलगी व्यासपीठावर सारख्याच दिसू लागल्या. आपल्याकडच्या शाळेच्या गणवेशामागचा विचार हाच, नाही का?

टोप्या हवेत उडवण्याची प्रथा मात्र नौदलाकडून आली असं सांगतात. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतल्या १९१२ च्या तुकडीला पदवीबरोबरच अधिकारपद मिळालं, जुन्या टोप्यांची गरज उरली नाही, आणि पोरांनी त्या आनंदानं भिरकावून दिल्या.

बँडवर वाजणारी ती धून

मुलं रांगेनं आत येताना शाळेचा बँड जी धून संथपणे वाजवतो आणि जी ऐकताच आयांचे हात पर्समधल्या रुमालाकडे जातात, ती अमेरिकन नाहीच. इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गारनं १९०१ साली ही "पॉम्प अँड सर्कमस्टन्स" मालिकेतली पहिली रचना केली. नाव घेतलं शेक्सपिअरच्या "ऑथेल्लो"मधून. १९०५ साली येल विद्यापीठानं एल्गारला मानद पदवी दिली आणि त्या समारंभात, लोक सभागृहातून बाहेर पडत असताना, ती वाजवली गेली. इतर विद्यापीठांनी ती उचलली आणि हळूहळू हायस्कुलांपर्यंत पोचली. फरक एवढाच, की आता ती मुलं आत येताना वाजते. इंग्लंडमध्ये याच सुरावटीवर साम्राज्याचा गौरव गातात. इंग्रजांशी लढून स्वतंत्र झालेल्या देशाची मुलं याच तालावर पावलं टाकतात, आणि त्यांत आता आपलीही मुलं आहेत. इतिहासाला विनोदबुद्धी आहे ती अशी!

वर्षभराची लगबग

सीनिअर वर्षाचा कार्यक्रम सप्टेंबरपासूनच सुरू होतो. आधी फोटो, मग कॉलेजचे अर्ज, झग्याची मापं, अंगठी, मे महिन्यात एपीच्या परीक्षा, प्रॉम, इयरबुकवर एकमेकांच्या सह्या, आणि शेवटी भर उन्हात फुटबॉलच्या मैदानावर रंगीत तालीम. यातल्या प्रत्येक गोष्टीला वंशावळ आहे. वर्गाची अंगठी सर्वांत आधी घातली वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या १८३५ च्या तुकडीनं. इयरबुकची पूर्वज म्हणजे कॉलेजातली आठवणींची वही. छायाचित्रं स्वस्त झाल्यावर तिचं छापील पुस्तक झालं. प्रॉम हा "प्रॉमनाड" म्हणजे ऐटीत मारलेली फेरी या शब्दाचा तुकडा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईशान्येकडच्या कॉलेजांत ही मेजवानी सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हायस्कुलांत तिला बहर आला. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची कन्या सूझन हिच्या वर्गाचा प्रॉम तर थेट व्हाइट हाउसमध्ये झाला!

खुर्ची कोणाला?

"सर्वांची शाळा" हे शब्द खरे व्हायला मात्र फार काळ लागला. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना सरकारनं छावण्यांत डांबलं. त्यांतले बहुसंख्य जन्मानं अमेरिकन नागरिक होते. कॅलिफोर्नियातल्या मांझनार छावणीत मुलांसाठी हायस्कूल चाललं, त्याचं इयरबुकही निघालं, आणि काटेरी तारांच्या आत मुलांनी डिप्लोमा घेतला. बाहेर जाण्याची मुभा नसलेल्या मुलांना "आता जग तुमचं आहे" असं सांगताना शिक्षकांना काय वाटलं असेल?

दुसरी घटना अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकची. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली दिला होता. तरीही १९५७ साली सेंट्रल हायस्कुलात नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश करण्यासाठी सैन्य बोलवावं लागलं. त्यांतला एकटा अर्नेस्ट ग्रीन बारावीत होता. वर्षभर छळ सोसून १९५८ च्या मे महिन्यात तो सहाशेच्या आसपास गोऱ्या मुलांबरोबर व्यासपीठाकडे चालत गेला. प्रेक्षकांत त्याच्या कुटुंबाबरोबर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग बसले होते. इतरांच्या नावाला टाळ्या पडत होत्या. त्याचं नाव पुकारलं तेव्हा शांतता पसरली. त्यानं डिप्लोमा घेतला आणि तो खाली उतरला. पुढच्या वर्षी गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसनं शहरातली हायस्कुलंच बंद ठेवली. आणि प्रॉमचं म्हणाल, तर मिसिसिपीतल्या चार्ल्स्टनच्या हायस्कुलात गोऱ्या-काळ्या मुलांचा पहिला एकत्र प्रॉम झाला तो २००८ साली. त्याचा खर्च अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी उचलला.

आपल्याशी जवळून संबंध असलेला एक निकालही सांगितला पाहिजे. १९८९ साली प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका सरकारी शाळेच्या ग्रॅज्युएशनला धर्मगुरूकडून प्रार्थना म्हणवून घेण्यात आली. डेबोरा वाइझमन या विद्यार्थिनीच्या वडिलांनी हरकत घेतली होती. धर्मगुरू ज्यू होते आणि वाइझमन कुटुंबही ज्यूच! मुद्दा एका धर्माचा नव्हता, तत्त्वाचा होता. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की सरकारी शाळेनं ग्रॅज्युएशनला अशी प्रार्थना ठेवता कामा नये. या समारंभाला मुलानं न जाणं हा खरा पर्यायच नसतो, हे न्यायालयानं मान्य केलं. गणपती अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या घरातला मुलगा आज त्या मैदानावर कोणाचाही पाहुणा म्हणून बसत नाही, याचं थोडं श्रेय त्या कुटुंबाला आहे.

आपली पावलं

अमेरिकेतल्या व्यासपीठावर मराठी पाऊल पडलं त्याला १४० वर्षं होऊन गेली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशींना एम.डी. पदवी मिळाली, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. पुढे रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, ते १८८९ साली प्रसिद्ध झालं. एका मराठी मुलीच्या पदवीला टाळ्या वाजवायला दुसरी मराठी बाई समुद्र ओलांडून आली! आपल्या आजी-आजोबांच्या विमानप्रवासाची ही आद्य परंपराच म्हणायची.

आणि तरीही आपल्या घरांतून हायस्कूल ग्रॅज्युएशनकडे बऱ्याचदा "त्यात काय मोठं?" असं बघितलं जातं. कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, एवढाच आपला प्रश्न. पण त्या मैदानावर आपल्या मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर कदाचित असा मुलगा असतो, की ज्याच्या घराण्यात बारावीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. २०२१-२२ साली या देशातल्या सरकारी शाळांतली सुमारे ८७ टक्के मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करत होती. म्हणजे आजही शंभरातली तेरा वेळेत पोचत नाहीत. पाचशे नावं वाचून होईपर्यंत बसायचा कंटाळा येतो खरा. पण ती सगळी नावं वाचली जाणं, हाच या समारंभाचा गाभा आहे. २०२० साली करोनामुळे मैदानं बंद झाली, तेव्हा शाळांनी गाड्यांच्या रांगा लावून, पडद्यावर चित्रं दाखवून का होईना, पण नावं वाचलीच.

या समारंभाला इथे "कमेन्समेंट" म्हणजे आरंभ म्हणतात, कारण मध्ययुगात पदवी मिळाली की शिकवण्याचा आरंभ होई. आपल्याकडचा जुना विधी म्हणजे समावर्तन, घरगुती भाषेत सोडमुंज. तीही मोजक्या घरांतल्या मुलग्यांचीच. मुलींना आणि बाकीच्या समाजाला तिथे जागा नव्हती. समावर्तन म्हणजे परतणं : गुरूच्या घरून मुलगा आपल्या घरी येई. इथे दिशा उलटी आहे. टोपी उडाली की दोन-अडीच महिन्यांत गाडीत चादरी, दिवा आणि आईनं दिलेला लाडवांचा डबा भरून मूल घराबाहेर पडतं. म्हणून यंदा आपल्या ओळखीतल्या घरापुढे पाटी लागली असेल, तर आमंत्रण आवर्जून स्वीकारा, पाकिटाबरोबर चार ओळी मराठीत लिहून द्या, आणि मैदानावर गेलात तर अनोळखी नावांनाही टाळ्या वाजवा.